अण्णाच्या डब्यात वहिनीचा वर्ग

बुधवार, १९ नोव्हेंबर. आपलं गाव माले.

काम एकच होतं, अण्णा. तुझ्या डब्यावर ब्राउझर टाकायचा, आणि तोही बुधवारी सकाळी दहाच्या आत. म्हणून मंगळवारी चहाचा कप खाली ठेवला तशी मी टीव्हीच्या मागं हात घातला, वायरी सोडवल्या आणि डबा काढून जमिनीवर घेतला. वर बोटभर धूळ होती. ती तुझ्याच गमज्यानं पुसली. रागावू नकोस, तो धुवायलाच टाकलेला होता.

तुझा जन्म कधी झाला, किती वर्षं तू वायरमन होतास, हे सगळं फाट्यावरच्या फ्लेक्सवर छापून झालंय. त्यात तुला कोटही घातलाय. जन्मात तू कोट घातला नाहीस. गावातल्या कॉम्प्युटरवाल्यानं कुठल्यातरी नवरदेवाचा कोट कापून तुझ्या मानेखाली चिकटवलाय, आणि खांदे इतके रुंद झालेत की बिबव्याच्या झाडाआडून बघितलं तर आमदारच वाटतोस. आपल्याला काम आहे ते डब्याचं, तेव्हा त्याचंच बोलू.

डबा खरा माझा, हे आधी सांगते. कासारसाईला माझ्या खोल्यांत राहणारा एक भाडेकरू नोकरी बदलून गेला, तेव्हा मोडकी खुर्ची, दोन उशा आणि पत्त्यांच्या कॅटाएवढा एक उघडा बोर्ड मागं ठेवून गेला. मी विचारलं तर म्हणाला, काकू, हा छोटा कॉम्प्युटर आहे, टीव्हीला लावला की चालतो. खुर्ची मी ठेवली, बोर्ड तुला दिला. आठवड्यात तू तो टीव्हीला जोडलास, त्यावर सिनेमे-गाणी दाखवणारं सॉफ्टवेअर चढवलंस, आणि आत पाल शिरू नये म्हणून अख्खा बोर्ड तुझ्या कारखान्याच्या स्टीलच्या जेवणाच्या डब्यात बसवलास. वायरींसाठी कडेला भोकं पाडलीस. तेव्हापासून घरात ‘डबा लाव’ म्हटलं की कुणी पोळी-भाजी काढत नाही.

पण त्या डब्यावर फक्त मेमरी कार्डात भरलेलं दिसायचं. वेबसाइट उघडायची तर ब्राउझर पाहिजे, आणि तो टाकायला तू तयार नव्हतास. दिवाळीआधीपासून आपलं हेच भांडण चाललं होतं.

वहिनीला दहावी करायची होती. तुला ते चेष्टेचं वाटायचं. तिचा कुठलाही फॉर्म भरायला बसलास की ‘शिक्षण’ या रकान्यात लिहिता लिहिता तू मोठ्यानं म्हणायचास, “नववी नापास.” आणि वहिनी दर वेळी चुलीपाशी बसून म्हणायची, “नापास न्हाई. परीक्षाच दिली न्हाई. लगीन केलंत तुमी.” पस्तीस वर्षं हेच चाललं होतं. पौडला मोठ्या वयाच्या बायांसाठी दहावीचा वर्ग सुरू होतोय हे मला कळलं, तेव्हा तिचं नाव मीच घातलं. वर्गाला जाता आलं नाही तर तोच वर्ग वेबसाइटवर घरी बसूनही बघता येतो. वहिनीच्या मोबाईलची काच तडकलेली, अक्षर मुंगीएवढं, आणि तिला चष्म्यानंही धड दिसत नाही. तुमच्याकडं भिंतभर टीव्ही आहे. म्हणून मी म्हटलं, अण्णा, डब्यावर ब्राउझर टाक, दुसरं काही नको.

तू म्हणालास, “आपल्या टीव्हीवर बाजार नगं.”

“बाजार न्हाई, वर्ग हाय.”

“आज वर्ग, उद्या बाजार. इंटरनेट एकदा घरात आलं की जात न्हाई, मंदे. पावण्यागत न्हाई ते.”

“तुला जमत नसंल तर मी येते.”

“मला जमत न्हाई?” म्हणालास. त्यावर मी फोन ठेवला. तू नाही, मीच ठेवला. नंतर चार दिवस तुला फोनही केला नाही, आणि पाचव्या दिवशी फोन आला तो तुझा नव्हता.

आता दहाव्याचं सांगते. तू तिथं नव्हतास, किंवा होतास, मला ठाऊक नाही. नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. बाभळीवर तिघं बसलेले, पण खाली कुणी उतरेना. ऊन चढलं. बाळूकाका, आपले चुलते, एकेक वचन द्यायला लागले. “म्हातारीला सांभाळू!” कावळे ढिम्म. “बहिनीचं माहेर तुटू देणार न्हाई!” ढिम्म. “बांधावरचा आंबा तोडणार न्हाई!” हे कुणी म्हटलं ते कळलं नाही, पण तो आंबा बाळूकाकांच्याच बांधावर आहे. सगळ्यांचे पाय भाजत होते आणि घरी भाताच्या पेंढ्या झोडायच्या राहिल्या होत्या. आई माझ्याकडं बघून म्हणाली, “मंदे, तू बोल. तुझ्याशी भांडून गेलाय.”

मी पुढं झाले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. “अण्णा, तुझ्या डब्याला कुणी हात लावणार न्हाई.”

कावळा उतरला. एक नाही, तिन्ही उतरले. आमच्यामागं बसलेलं कुत्रं त्याच वेळी उठून सावलीला गेलं होतं. मी ते पाहिलं होतं, पण त्या गर्दीत कुत्र्याची गोष्ट ऐकायला कोण होतं? बाळूकाकांनी डोळे पुसले. “डब्यात जीव हुता त्येचा,” म्हणाले. आणि मी, जिनं आयुष्यात नवस बोलला नाही, ती चारशे माणसांसमोर एका स्टीलच्या डब्याला बांधली गेले.

तरीही मंगळवारी मी तो डबा उघडला, कारण बुधवारी वर्ग सुरू होत होता आणि आईनं वहिनीला घराबाहेर पडायला मनाई केली होती. महिना होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. मी आईशी भांडून पाहिलं. आईशी भांडणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. शेवटी म्हटलं, ठीक आहे, वहिनी वर्गात जाणार नाही, वर्गच घरात येईल.

“मंदे, काय करतीस?” आई खाटेवरून म्हणाली.

“डबा उघडतीया.”

“कावळ्याफुडं काय बोललीस?”

“त्या कावळ्याला मी समजावून सांगते. तू पानाचा डबा घे तुझा.”

आईनं तोंड फिरवलं. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हातात नवी कोरी वही, अजून तिचं प्लॅस्टिकही काढलं नव्हतं. त्या वहीकडं बघून मी कामाला लागले.

आता ऐक, कारण हे ऐकायला तूच पाहिजे होतास. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

सिनेमे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडलं की काळा पडदा येतो आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहते. तिथं नाव आणि पासवर्ड टाकायचा. पासवर्ड तू डब्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मार्करनं लिहून ठेवला होतास आणि त्याखाली लिहिलं होतंस, ‘कुणाला सांगू नये’. तो टाकला. मग इंटरनेट पाहिजे. मी माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं. डब्याला दिसेना. मोबाईल जवळ नेला, दिसेना. डब्याला टेकवून ठेवला तरी दिसेना. अर्धा तास मी त्या काळ्या पडद्याशी झुंजत होते, आणि मग एकाएकी लक्षात आलं आणि कपाळावर हात मारला. स्टील! चारी बाजूंनी स्टील, वर झाकण. कढईखाली रेडिओ झाकून ठेवल्यावर गाणं कुठून ऐकू येणार? तू पाल अडवलीस आणि तिच्याबरोबर वायफायही अडवलंस.

चार स्क्रू काढले, बोर्ड बाहेर घेतला, लाकडी पाटावर ठेवला. दहा सेकंदांत माझ्या मोबाईलचं नाव पडद्यावर आलं. मी ओरडलेच.

आई दचकून उठली. “काय गं, करंट बसला व्हय?”

“नेट आलं! आई, नेट आलं!”

“मंग वरडतीस कशाला, त्यो काय पावना हाय?” आई म्हणाली, आणि मला हसू आलं, कारण तुझं ते पाव्हण्याचं बोलणं कुठून आलं ते कळलं.

मग मी आज्ञा टाइप केली. अमुक वस्तू आण आणि बसव, एवढंच त्या आज्ञेत असतं. पडद्यावर पांढऱ्या ओळी धो धो खाली धावायला लागल्या. मला काही वाचता येत नव्हतं, पण इतका आनंद झाला म्हणून सांगू! लहानपणी तू मीटरच्या पेटीसमोर मला उभं करून टेस्टर हातात दिला होतास. “पेटला तर करंट हाय. न्हाई पेटला तरी हात लावू नगंस.” आई बोंबलत होती, पोरीच्या जातीला काय शिकवतोस म्हणून. तू म्हणालास, पोरीच्या घरी दिवं नसत्यात व्हय? आज माझ्या दहा खोल्यांत फ्यूज गेला, मोटर अडली, वायफाय रुसलं, तर मी कुणाला बोलावत नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आपल्यात असलं सांगायची पद्धत नाही. आता सांगितलं.

ओळी धावता धावता थांबल्या. शेवटी इंग्रजीत एक ओळ आली. अर्थ असा, की जागा शिल्लक नाही.

कार्ड भरलेलं होतं, काठोकाठ. त्यात काय काय भरलं आहेस ते बघायला मी तुझी वायरमनची डायरी शोधली, कारण तू प्रत्येक गोष्टीची यादी करतोस. टीव्हीच्या फळीवर, रिमोटच्या खालीच सापडली. शेवटची पानं उघडली आणि तिथंच खाली बसले.

तुझं अक्षर. एकाखाली एक :

‘झाकण काढलं. नेट आलं.’

‘आज्ञा दिली. जागा नाही.’

‘परत दिली. जागा नाही.’

‘मंदीला विचारायचं नाही.’

अण्णा, तू मेल्यावर मी चिडले नव्हते तितकी त्या पानावर चिडले. फोनवर मला बाजार सांगत होतास आणि इथं झाकण काढून बसला होतास! मी अर्धा तास घालवून जिथं पोचले, तिथं तू आधीच पोचून अडकला होतास. एक वाक्य बोलला असतास, मंदे, जागा नाही. मी स्कूटर काढून दीड तासात आले असते. दोघं मिळून केलं असतं. पाटावर बोर्ड ठेवून, एकमेकांना शिव्या देत.

मी पान आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाली, “त्यो बारकेपणापास्नं तसाच. सायकल येत न्हवती तवा गावभर सांगायचा, चालल्यानं पाय बळकट व्हत्यात.”

“मग? टाकू का ब्राउझर?”

“मला काय इचारतीस? त्योच उघडून बसलाय की आदी.”

कावळ्याचं प्रकरण तिथं मिटलं. पण जागेचं मिटलं नव्हतं.

कार्डात कुस्त्या होत्या. दुसरं जवळजवळ काहीच नाही. आपल्या जत्रेच्या, माणच्या, ताम्हिणीकडच्या, जिथं म्हणून आखाडा भरला तिथल्या. सगळ्या तू मोबाईलवर घेतलेल्या, सगळ्या हललेल्या. एक लावून बघितली. पडद्यावर नुसती तांबडी माती आणि लोकांची डोकी, आणि मोबाईलच्या मागून तुझा आवाज, टीव्ही फुटेल इतका मोठा : “पट काढ! आरं, पट काढ की त्येचा! झोपलाईस का?”

वहिनी म्हणाली, “काढून टाका की, वन्सं. त्यात ह्ये कुटं दिसत्यात? नुसतं वरडत्यात.”

एवढं बोलून ती टीव्हीकडं पाठ करून उभी राहिली, आणि कुस्ती निकाली होईपर्यंत तशीच ऐकत राहिली. तू शेवटी “शाब्बास!” म्हणालास, तेव्हा तिनं पदरानं नाक पुसलं.

आणि मी? तुझा सदरा तेराव्यालाच बाळूकाकांच्या गड्याला देऊन टाकणारी मी, बटणावर बोट ठेवून बसले. दाबवेना. एकशे चाळीस कुस्त्या, आणि प्रत्येकीत तू ओरडतोयस. तुला का दाबवलं नाही, ते मला कळलं असं म्हणणार नाही. तुझं कारण तुझं. पैलवान हरला की तू जेवायचा नाहीस, तेव्हा तुला कुस्तीच प्यारी असेल. माझं कारण निराळं होतं.

डायरीचं आणखी एक पान उलटलं. बाजाराची यादी होती. गोडेतेल, कातरी सुपारी, उंदराचं औषध, आणि त्याखाली : ‘कार्ड मोठं. पौड.’ पुढं कोरं. ते कार्ड तू ब्राउझरसाठी आणणार होतास की पुढच्या जत्रेतल्या कुस्त्यांसाठी, हे तू लिहिलेलं नाहीस. भांडायला तू नाहीस, म्हणून मी माझ्या सोयीचा अर्थ घेतला आणि स्कूटरची चावी उचलली.

पौडला स्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “ताई, कार्ड कशासाठी पाहिजे? मोबाईल की कॅमेरा?”

“डब्यासाठी.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, सगळ्यात मोठं दे, आणि कार्ड वाचायचं ते छोटं यंत्रही दे. येताना गोडेतेल आणि सुपारी आणली. उंदराचं औषध आणलं नाही, मांजर व्यायलंय.

माझा जुना लॅपटॉप मी भाडेकरूंच्या कागदपत्रांसाठी बरोबरच ठेवते. त्यावर तुझ्या कार्डाची मोठ्या कार्डावर हुबेहूब नक्कल करायला लावली. दोन तास लागले. तेवढ्यात मी आणि वहिनीनं मागच्या अंगणात पेंढ्या झोडल्या, आणि दर दहा मिनिटांनी मी हात झटकत आत येऊन किती टक्के झालं ते बघत होते. “दुधावर लक्ष ठिवल्यागत करताय,” वहिनी म्हणाली. शंभर टक्के झालं, तशी मी अंगाला भाताचं कुसळ लागलेलं असतानाच नवं कार्ड बोर्डात घातलं. मोठ्या कार्डावरची मोकळी जागा बोर्डाला दाखवून द्यावी लागते, तेही केलं. पुन्हा तीच आज्ञा. पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. आईसुद्धा खाटेवर पाय खाली सोडून बघत होती. ओळी धावल्या, थांबल्या, पुन्हा धावल्या. आणि मग जागा नाही असं कुणी म्हटलं नाही.

बोर्ड बंद करून चालू केला. टीव्हीवर नवं चित्र आलं, कोपऱ्यात ब्राउझरचं चिन्ह. माऊस फिरवून दाबलं. उघडायला इतका वेळ लागला की आई म्हणाली, “झोपलं वाटतं.” उघडला! वर्गाचा पत्ता टाकला. आवाजाची वायर सैल होती, ती दाबली. भिंतभर टीव्हीवर मराठीत हाताएवढी अक्षरं आली : नाव नोंदवा.

“वैनी, वाच.”

वहिनीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “ना-व नोंद-वा,” तिनं वाचलं. मग म्हणाली, “वन्सं, हितनं दिसतंय. खाटंपास्नं दिसतंय!”

मी किबोर्ड तिच्या मांडीवर ठेवला. आपलं पूर्ण नाव एका बोटानं उमटवायला तिला बारा मिनिटं लागली. मी एकही अक्षर सांगितलं नाही. तुझं नाव मधे आलं, तिथं ती थांबली नाही. भराभर गेली.

बुधवारी सकाळी मी साडेनवाला टीव्ही लावला, बोर्डावरून फडका काढला, खुर्ची समोर ओढली. स्टीलचा डबा घासून पुन्हा जेवणासाठी काढलाय, बोर्डाला आता झाकण मिळणार नाही. पाल शिरली तर मी बघून घेईन. दहाला वर्ग लागला. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज घरभर झाला. वहिनी ताठ बसली होती, वहीचं प्लॅस्टिक काढून.

सव्वादहाला फाट्यावर जीप थांबली. कोळवणकडच्या तिघी बाया भेटायला आल्या होत्या. दहाव्याला त्यांना जमलं नव्हतं. अंगणात पाय टाकतानाच त्यांनी पदर तोंडाला लावला. वहिनीच्या गळ्यात पडून रडायचं, ही रीत आहे. मी ओटीवर आडवी उभी राहिले.

“वैनी कुटं हाय?” त्यातली थोरली म्हणाली.

“वर्गात.”

“कंच्या वर्गात?”

“दहावीच्या. साडेअकराला सुटंल.”

तिघींनी एकमेकींकडं बघितलं. आतून बाईंचा आवाज येत होता. थोरलीनं कान दिला, पदर हळूच खाली आला. “काय शिकीवत्यात?”

“गणित.”

“मंग थांबतो,” ती म्हणाली आणि चप्पल काढून ओटीवर टेकली. बाकीच्या दोघीही बसल्या.

मी आतून वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप आणलं, दार ओढून घेतलं आणि त्यांच्यात जाऊन बसले. साडेअकरा वाजेपर्यंत आम्ही चौघींनी शेंगा सोलल्या. कुणी मोठ्यानं बोललं नाही.